उन्हावरचं आधण

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की रायरेश्वराच्या पठारावर काडी न पेटवता चहा केला. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठाच वाईला पाठवून दिला. तेव्हा या वेळी टोमॅटोच्या रोपांवरचे आणि गच्चीच्या गळतीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि फक्त सौर किटलीबद्दल बोलते.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी वर्णन. दुहेरी काचेची एक लांबुळकी नळी, माझी साधारण सव्वा फुटाची. दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली, म्हणजे थर्मासच. शास्त्रज्ञ जेम्स देवार यांनी १८९२ साली केला तोच. फरक एवढाच की थर्मासला आतून चांदीचा मुलामा असतो आणि हिच्या आतल्या काचेला काळपट निळा लेप. ऊन आत शिरतं, लेपावर त्याची उष्णता होते आणि पोकळीमुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. दोन्ही बाजूंना वहीच्या पुठ्ठ्यासारखे उघडणारे चकचकीत पत्रे, ते ऊन गोळा करून नळीवर टाकतात. वर झाकण, झाकणात वाफ सोडायची बारीक सोय. पाणी मावतं अर्धा लिटर. बस. ना वायर, ना बटण.

बाई, डिसेंबरात आम्ही चौघं राजमाचीला गेलो. सकाळी साडेसातला किटली उन्हात लावली. साडेनऊ झाले तरी पाणी नुसतं गरम. जाहिरातीत अर्धा तास लिहिलंय. माझी नळी खराब निघाली का? (चिंचवडचा एक वाचक)

नळीला बोल लावू नकोस रे, वेळ चुकली. डिसेंबरात साडेसातला सूर्य उगवून जेमतेम अर्धा तास झालेला असतो. ते ऊन पाठ शेकायला छान, पाण्याला पुरत नाही.

जरा हिशेब मांडू या. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, ती खोड जात नाही. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे १५७ किलोज्यूल उष्णता लागते. घरची १५०० वॅटची विजेची किटली ती दोन मिनिटांच्या आत देते. माझ्या किटलीचे पत्रे उघडले की लांबी-रुंदी भरते साधारण ३५ सेंटिमीटर गुणिले ३५. स्वच्छ आकाश, भर दुपार असेल तर चौरस मीटरमागे हजाराच्या आसपास वॅट ऊन मिळतं. म्हणजे आपल्या पत्र्यांवर पडतं १२० वॅटच्या आसपास. त्यातलं निम्मं पाण्यापर्यंत पोचलं तर मी खूश असते. उरले किती? पूर्वी न्हाणीघरात लावायचे त्या साठच्या पिवळ्या बल्बएवढे. साठच्या बल्बवर अर्धा लिटर पाणी उकळायचं तर पाऊण तास हवाच, तोही सगळं मनासारखं जुळून आलं तर. अर्धा तास हा जाहिरातवाल्यांचा आशावाद.

माझ्या वहीतली फेब्रुवारीतली एक नोंद देते. रायरेश्वर, आभाळ निरभ्र, वारा बऱ्यापैकी. ११.५० ला पाणी ठेवलं, १९ अंश. १२.१० ला ४८. १२.३० ला ७५. १२.४७ ला साडेपंच्याण्णव, आणि तिथेच बुडबुडे. काटा त्यापुढे सरकेना. तो बिघडलेला नव्हता. दर तीनशे मीटर उंचीमागे पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं आणि रायरेश्वर तेराशेच्या वर आहे. म्हणजे सत्तावन्न मिनिटं लागली. त्यातही मी तापमान बघायला दोनदा झाकण उघडलं. ते उघडलं नसतं तर चारेक मिनिटं वाचली असती, पण मग ही नोंद मिळाली नसती.

वेळेचं अजून एक. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असं नाही. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर लावलेलं, आणि आपण पुणे-साताऱ्याकडची माणसं ७४ च्या आसपास. सूर्य आपल्या माथ्यावर पस्तीसेक मिनिटं उशिरा येतो, फेब्रुवारीत तर पावणेएकला. म्हणून मी किटली साडेअकराच्या आधी बाहेर काढतच नाही आणि तीननंतर लावत नाही.

आता मांडायची कशी. बहुतेक जण किटली उभी करून सूर्याकडे तोंड करतात आणि मग दर दहा मिनिटांनी फिरवत बसतात. त्यापेक्षा नळी पूर्व-पश्चिम आडवी ठेव, तोंडाखाली एक चपटा दगड सरकव म्हणजे ते चार बोटं उचललेलं राहील, आणि पत्रे दक्षिणेकडे कलते कर. सूर्य नळीच्या लांबीच्या दिशेनेच सरकतो, त्यामुळे दुपारच्या त्या दोन तासांत फारसा हात लावावा लागत नाही. नळीची सावली दोन पत्र्यांच्या मधल्या शिवणीवर पडली की समजायचं जमलं. आणि मे महिन्यात तर आडवीच हवी. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो. त्या दिवशी किटली उभी ठेवलीस तर उन्हाला तिचं झाकण तेवढं दिसेल.

हे सगळं करूनही भर दुपारी दोन तास लागले तर मात्र नळीवर संशय घ्यायचा. तळाची रबरी टोपी काढून काचेचं टोक बघ. आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसला तर पोकळी शाबूत आहे. बेरियम धातूचा मुलामा असतो तो, आत शिरलेली चुकार हवा खाऊन टाकण्यासाठी दिलेला. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत कुठेतरी चीर गेली आणि हवा घुसली. मग त्या नळीचा पेन-स्टँड कर. दुरुस्ती नाही.

शेतावर दुपारचा चहा हिच्यात होईल का? दूध, साखर, पावडर सगळं आतच घालून उकळलं तर? (सोलापूरहून एक भगिनी)

अजिबात नको. नळीचं तोंड पावणेदोन इंचांचं, आत हात जात नाही. दूध आतल्या काचेला धरतं, करपतं आणि मग बाटली धुवायच्या ब्रशने आठ दिवस घासत बसावं लागतं. शिवाय दूध उतू जातं तेव्हा झाकणाच्या त्या बारीक भोकातून पिचकारी उडते. माझ्या एका भाचीने हा प्रयोग केलाय. नळीला अजून दुधाचा वास येतो, आणि त्या नळीत तापवलेल्या पाण्यालाही.

आपल्याकडे चहा उकळल्याशिवाय चहा होत नाही, हे मलाही मान्य आहे. आमच्या घरी तर पातेल्यात खळखळ आवाज आला नाही तर 'पाणचट' हा शेरा चहा बघायच्या आधीच मिळतो. यावर मी शोधलेली तडजोड सांगते. स्टीलच्या थर्मासमध्ये चहा पावडर, साखर, किसलेलं आलं आणि गवती चहाच्या दोन पाती कात्रीने बारीक कापून आधीच टाकून ठेवायच्या. पावडर नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त. किटलीतलं पाणी वाफाळतं असतानाच त्यावर ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि सात-आठ मिनिटं विसरून जायचं. मग गाळून दुधाची पावडर ढवळायची. शेतावर ताजं दूध असेल तर उत्तमच, पण ते गार घालू नका, चहा कोमट होतो. दुधाची लोटी आधीपासून उन्हात ठेवलेली बरी. उकळलेल्या चहाची सर येत नाही. आलं सढळ हाताने घातलं तर कोणी तक्रार करत नाही.

विजेची बारा व्होल्टची किटली आणि घडीचं सोलर पॅनेल घेतलं तर जास्त सोयीचं नाही का? (ठाण्याहून)

तुमच्याकडे गाडी असेल तर होय. पाठीवर न्यायचं असेल तर नाही. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा धरून वीज करतं, नळी निम्मं ऊन सरळ उष्णता म्हणून घेते. पाणीच तापवायचं तर मध्ये विजेचा फेरा कशाला? शंभर वॅटचं पॅनेल प्रत्यक्षात सत्तरेक वॅट देतं, आणि बारा व्होल्टची किटली शंभर-सव्वाशे वॅट मागते, म्हणजे मध्ये बॅटरी आलीच. अर्धा लिटर उकळायला साधारण ४४ वॅट-तास लागतात, यूपीएसमधली ७ ॲम्पियर-तासाची बॅटरी यात निम्मी रिकामी होते. रात्री दिवा आणि फोनही चालवायचाय, असं असेल तर हा संसार वाहून न्यावा. नुसत्या चहासाठी नाही.

झऱ्याचं पाणी किटलीत ८० अंशांपर्यंत गेलं आणि ढग आले. उकळी फुटलीच नाही. ते प्यायलं तर चालेल का? (नाशिकहून)

चालेल, जर ते ८० वर काही वेळ टिकलं असेल. पोटाचे आजार करणारे बहुतेक जंतू ६५-७० अंशांवर काही मिनिटांत मरतात. दुधाचं पाश्चरीकरण होतं ते याच तत्त्वावर. मग सगळे उकळी उकळी का म्हणतात? कारण उकळी डोळ्यांना दिसते, ६५ अंश दिसत नाहीत. नळीत तर उकळीही धड दिसत नाही. म्हणून मी थर्मामीटर बरोबर नेते. ढग आले म्हणून झाकण उघडू नका. पोकळीमुळे पाणी पुढचा बराच वेळ तसंच गरम राहतं आणि तो वेळ तुमच्या कामी येतो. मी ८० दिसल्यावर दहा मिनिटं थांबते. बरोबर तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर मात्र एक मिनिट खळखळून उकळी, आणि हिमालयात दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं.

गढूळ पाणी आधी चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, उकळून जंतू मरतात, फ्लोराइड, नायट्रेट किंवा फवारणीचं औषध जात नाही. उलट पाणी आटलं तर ते थोडं दाटच होतं. द्राक्षबागेच्या कडेच्या ओढ्याचं पाणी किटलीत तापवून काही साधत नाही.

तापलेल्या नळीत पाणी घातलं तर ती फुटते असं ऐकलं. खरं का? (कोल्हापूरहून)

खरं. माझी पहिली नळी अशीच गेली.

रायरेश्वरच, दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. मंदिरापासून थोडं पुढे मोकळ्या जागेवर मी किटली उघडून ठेवली आणि पाणी आणायला टाक्यावर गेले. टाक्यापाशी पुण्याचा एक कंपू भेटला. सातरंगी माती कुठे दिसते, केंजळगडाची वाट कुठली, मी आपली समजावत बसले. शिकवायची सवय. वीसेक मिनिटांनी परत आले. रिकामी नळी तोवर उन्हात तशीच. पाणी असलं की नळी शंभरच्या वर जात नाही, पाणी ती उष्णता पिऊन टाकतं. रिकामी नळी मात्र दोनशेच्याही पुढे जाऊ शकते, आणि बाहेरून हात लावला तर गार, कारण मध्ये पोकळी! हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवत होते. आणि त्याच मी टाक्यातलं बर्फासारखं पाणी तिच्यात ओतलं.

मोठा आवाज झाला नाही. 'टिक्' झालं, बांगडी पिचते तेवढंच. मग आतल्या काचेवर एक रेघ वरून खाली धावत गेली आणि पाणी दोन काचांच्या मधल्या जागेत झिरपलं. इतकं सुंदर दिसत होतं की रडू यायला दोन मिनिटं लागली.

पठारावर जंगमांची घरं आहेत. त्यातल्या एका घराच्या ओट्यावर मी ती फुटकी नळी मांडीवर घेऊन बसले. तिथल्या आजींनी नळी आडवीउभी फिरवून बघितली आणि पहिला प्रश्न केला, "केवढ्याला पडली?" किंमत सांगितल्यावर म्हणाल्या, "एवढ्यात कासंडीभर दुधाचा चहा महिनाभर झाला असता बाई." आणि आत जाऊन चुलीवर चहा टाकला. पाच मिनिटांत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. आधी पाणी भरायचं, मग पत्रे उघडायचे. रिकामी करतानाही आधी पत्रे मिटायचे, मग ओतायचं, आणि दुसरी खेप लावायची असेल तर तळाशी थोडं गरम पाणी ठेवून त्यावर गार घालायचं, तेही धार बारीक करून. काठोकाठ भरू नका, उकळीपर्यंत पाणी शेकडा चार फुगतं, अर्ध्या लिटरमागे वीस मिलिलिटर. भरलेल्या नळीचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, कधी कधी अरुंद नळीत पाणी गुपचूप तापतं आणि उघडताच एकदम उसळतं. सावलीत आणून दोन मिनिटं थांबलं की शांत होतं.

आणि पत्रे उघडे टाकून कुठे जाऊ नका. मार्चनंतर गडावरचं कुसळी गवत कागदासारखं होतं. आपण विस्तव टाळायला ही किटली नेतो, जंगलात विस्तव पेटवायला बंदीच आहे, आणि आपल्याच चकाकत्या पत्र्यांनी वणवा लावला तर तोंड कुठे दाखवणार?

आषाढी वारीत उपयोग होईल का?

आषाढात ढग, पाऊस, चिखल आणि तुम्ही चालत. नाही. कार्तिकीला न्या.

आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुलं येतात. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, पहाटे अंघोळीला पाणी नसतं तापवलेलं, बाया काट्याकुट्या गोळा करत फिरतात. सौर किटल्या वाटल्या तर? (बीड जिल्ह्यातील एक शिक्षिका)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मनात आलेलं खरं सांगते, किटल्या वाटू नका.

अंघोळीची पंधरा लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अर्ध्या लिटरच्या दहा किटल्या उकळतात. एका बादलीला एका किटलीचा अख्खा दिवस गेला तरी पुरायचा नाही. आणि ऊसतोडीची माणसं उठतात तीन-चारला, सूर्य येतो सातला. ऊन भरपूर असतं तेव्हा ती फडात असतात, किटलीकडे बघायला कोपीवर कोणी नसतं. असलं तर आठ वर्षांची एखादी मुलगी, लहान भावाला सांभाळत. तिच्या हातात उकळत्या पाण्याची काच द्यायची माझी हिंमत नाही.

ऊन मोठी कामं करत नाही असं नाही. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ तबकड्या बसवल्या आहेत, एकेक तबकडी सोळा चौरस मीटरची. त्यांच्या वाफेवर हजारोंचं जेवण शिजतं. पण तिथे जागा आहे, बघायला माणसं आहेत आणि तबकड्या सहा महिन्यांनी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात न्याव्या लागत नाहीत.

मग काय करता येईल? बाहेरून काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा, वर काच किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक, खाली उसाच्या पाचटाची जाड गादी. पाचटाला तिथे तोटा नाही. सकाळी फडात जाताना भरून ठेवला तर संध्याकाळी परतल्यावर हातपाय धुण्यापुरतं, पोरांच्या अंघोळीपुरतं गरम पाणी निघतं. अंघोळ पहाटेऐवजी संध्याकाळी. सूर्य मावळायच्या आत त्याच डब्यावर पाचट आणि गोधडी टाकली तर पहाटे निदान हात आखडणार नाहीत इतकं कोमट राहील. शाळेच्या अंगणात मुलांकडूनच एक डबा करून बघा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून मला पाठवा. थर्मामीटर नसेल तर माझ्याकडे दोन आहेत, एक पाठवते.

किटली द्यायचीच असेल तर एक शाळेत ठेवा, तुमच्या देखरेखीखाली. जखम धुवायला, तापाच्या पोराला गरम पाणी द्यायला. दुपारी तापवून थर्मासमध्ये भरलं की शाळा सुटेपर्यंत पुरतं.

नळी फुटू नये म्हणून सॅकमध्ये कशी नेता? (दोन-तीन जणांनी विचारलं आहे)

आमच्या ह्यांच्या लोकरी पायमोज्यात. एक खालून, एक वरून. धुतलेले असतात.